तान्हे बाळ डोके का घुसळते?

झोपेला आलेले बाळ अंथरुणावर डोके एका लयीत डावी-उजवीकडे घुसळते, तेव्हा आतल्या कानातील तोलसंस्था, म्हणजे शरीराची हालचाल मेंदूला कळवणारी यंत्रणा, चाळवली जाऊन त्याला बहुधा शांत वाटते. पाळण्याच्या झोक्याने जे साधते, तेच ते स्वतः साधून घेते. साधारणतः ६ ते ९ महिन्यांच्या सुमारास लागणारी ही सवय बहुतेक मुलांत ५ वर्षांपर्यंत आपोआप सुटते, त्यामुळे डोक्यामागचे केस विरळ झाले तरी घाबरण्याचे कारण नसते. मात्र जाग येताच मान एकाएकी पुढे झुकून हातपाय आखडत असतील आणि असे झटके ओळीने येत असतील, तर ती अर्भकातील आकडी असू शकते. तेव्हा व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावा.