सूर्यावरचा भडका आणि आपलं पीक



‘सूर्यावर स्फोट झालाय, पिकं करपणार,’ अशी आवई उठली की तासगावची द्राक्षबाग असो की कराडचा ऊस, मालकाचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा हे नीट समजून घ्या.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांपाशी पांढरा लखलखाट दिसला. पाचेक मिनिटांत तो मावळला. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीशी येऊन भिडला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या चुंबकी वादळाची नोंद झाली. परदेशांत तारायंत्रं बिघडली.

पिकाला मात्र त्याची झळ लागत नाही. सूर्याच्या एकूण उजेडात मोठ्या भडक्याची भर हजारात एक भागही नसते. म्हणून पान करपलं तर आधी पाणी, कीड अन् रोग तपासा.

जपायचे ते डोळे! काजळी धरलेल्या काचेतूनही मुलांना सूर्याकडे पाहू देऊ नका. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडलेलं बिंब मुलांना दाखवा.