हातातली छडी खाली ठेवा

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा राहतो. मागच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. ‘‘काका, तीन दिवस झाले, एका पक्ष्यापाशी अडकलोय.’’ स्क्रीनवर पक्षी नव्हता, कुठलंच चित्र नव्हतं. नुसत्या इंग्रजी ओळी.

हा ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा जुना खेळ. विल क्राउदर या गुहा धुंडाळण्याचा छंद असलेल्या अमेरिकी प्रोग्रॅमरने तो लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्सने वाढवला. समोर काय आहे ते संगणक शब्दांत सांगतो. ‘पिंजरा घे’, ‘उत्तरेला जा’ असे हुकूम आपण टाइप करायचे. विचाराल तेवढंच कळतं. पुढे एका दालनात मोठा साप वाट अडवून बसलेला आहे आणि त्याला हुसकावतो तो एक छोटा पक्षी. पिंजरा हातात असूनही पक्षी मात्र सापडत नाही. तुम्ही जवळ गेलात की तो बिथरतो.

कारण तुमच्या हातातली काळी छडी. ती खाली ठेवली की पक्षी निमूट पिंजऱ्यात येतो. खेळ हे सांगत नाही. मुलगाही छडी टाकायला तयार नव्हता, कारण ती पुढे कामाला येणार असं त्याला वाटत होतं. (खरोखरच येते, म्हणजे त्याचं अगदीच चुकलं नव्हतं.)

असं अडकणं म्हणजे बुद्धी कमी पडणं नव्हे. तुम्हीच करून पाहा. २१, १२७ आणि ३ लिटरची तीन भांडी आहेत, नेमकं १०० लिटर पाणी मोजायचं आहे. १२७ मधून एकदा २१ आणि दोनदा ३ काढा, झालं. आता २३, ४९ आणि ३ लिटरची भांडी घेऊन २० लिटर मोजा. ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढलेत ना? २३ मधून एकदाच ३ काढले असते तरी चाललं असतं! अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. लांबची रीत हाताला बसली की जवळची दिसेनाशी होते. २००८ मध्ये काही संशोधकांनी मुरलेल्या बुद्धिबळपटूंच्या नजरेचा माग घेतला. ‘आम्ही दुसरी चाल शोधतोय’ असं ते प्रामाणिकपणे सांगत होते, पण डोळे मात्र पहिल्याच चालीच्या घरांवर परत परत जात होते.

माझी छडी ‘अ‍ॅसिडिटी’ होती. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, पहाटेची वेळ, शेतमजुरी करणारा तरुण पोट धरून आला. आदल्या रात्री लग्नघरचं वांग्याचं भरीत पोटभर खाल्लेलं. मी केसपेपरवर निदान लिहिलं, इंजेक्शन दिलं. तासाभराने दुखणं तसंच. मी दुसरं इंजेक्शन दिलं, भरताबद्दलच पुन्हा विचारलं. शेवटी आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, हा झोपेने पेंगत नाहीये. याला पापण्या उचलताच येत नाहीत.’’

तेव्हा कुठे मी त्याच्या आईला विचारलं, रात्री झोपला कुठे होता? ‘‘रातले खालेच जपेल व्हता, साहेब.’’

मण्यार. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. सर्पविषावरची लस दिली, नळी घातली, तो तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. सिस्टर त्या पहाटे दुसऱ्या वॉर्डात असत्या तर काय झालं असतं, हा हिशोब मी अजूनही अधूनमधून करतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. एखादा रुग्ण उपचारांना दाद देत नसेल, तर ज्युनिअरला सांगतो, माझा केसपेपर वाचू नकोस, थेट त्याच्याशी बोल. तासभर दुसरं काम करून परत येण्याचाही उपयोग होतो. कोड्यांवरच्या अभ्यासांतही मध्ये थांबण्याचा फायदा दिसला आहे. पण आणीबाणीत तासभर कुठला मिळणार? तिथे दुसरे डोळेच हवेत.

रुग्णालाही हे करता येतं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर ‘मला अ‍ॅसिडिटी आहे’ अशी सुरुवात करू नका. काय होतंय, कधीपासून, त्याआधी कुठे होतात, काय केलंत, ते सांगा. सगळे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या दाखवा जरूर, पण बोलून झाल्यावर. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण शोधत बसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. थेट रुग्णालय गाठा.

मुलाला मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘तुझ्याजवळ आत्ता काय काय आहे, मोठ्याने वाच बरं.’’ कंदील, पिंजरा, छडी... छडीपाशी तो थांबला. रात्री त्याचा मेसेज आला: साप गेला. सोमवारी पुन्हा दारात उभा. आता गुहेतल्या चक्रव्यूहात अडकलाय, सगळ्या वाटा सारख्याच दिसतात म्हणे.