गाडीचा डाग आणि गाडीचा आवाज
जुन्या छोट्या गाडीचे दुखणे गॅरेजात जाण्याआधी कसे ओळखावे?

कापडाचा तागा उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय आमच्या बाजारात कोणी पैसे मोजत नाही. पण हाच सावध व्यापारी आपली गाडी गॅरेजात उभी करतो, "बघा काय झाले ते" एवढेच सांगतो आणि दुकानावर परत येतो. मग बिल हातात पडले की कपाळाला हात लावतो. तळेगाव, देहूरोड, चाकण या पट्ट्यात आठवडी बाजार, फेरी आणि मालाची ने-आण यांवर पोट भरणारे आपले अनेक भाई आहेत. त्यांच्याकडे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी असते. कोणाकडे १९८४ साली आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली मारुतीची ओम्नी, तर कोणाकडे २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी. गाडी थांबली की बाजार बुडतो. म्हणून आमचा थोडा तजुर्बा येथे मांडत आहोत.

आमची चूक

आमच्या जुन्या टेम्पोच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतील बाजूला ओल दिसू लागली. गॅरेजवाल्याने ऑइल सील बदलले. पंधरा दिवसांत पुन्हा ओल. पुन्हा सील बदलले, पुन्हा तेच. नंतर डिफरन्शियलमधून घूं-घूं असा आवाज येऊ लागला. "आता अख्खे डिफरन्शियलच बदला," असा मशवरा मिळाला. २०२२ च्या रमजानमध्ये भिवंडीहून माल भरून येत असताना ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढू लागली. खंडाळ्याच्या घाटात हे झाले असते तर काय, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली जाऊन डिफरन्शियलच्या डोक्यावरचा ब्रीदर काढला. हे एक लहानसे हवेचे भोक असते. ते चिखलाने पूर्ण बुजले होते. चालताना डिफरन्शियल तापते, आतली हवा फुगते आणि ती या भोकातून बाहेर पडते. भोक बंद असेल तर तो दाब तेलाला सीलमधून ढकलतो. सील कितीही नवे टाका, ते गळणारच. तेच तेल ब्रेकच्या लायनरवर गेले होते आणि आत तेल कमी पडल्याने आवाज सुरू झाला होता. ब्रीदर साफ केला, नवे सील आणि नवे लायनर टाकले, तेल भरले. गळती थांबली. आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. कोरडे घासलेले दात पुन्हा भरून येत नाहीत.

डाग वाचा

रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली पांढऱ्या मांजरपाटाचा जुना तुकडा पसरावा. कोणता डाग कोणत्या चाकाजवळ पडला, हे सकाळी पाहावे.

१) काळा किंवा तपकिरी, पुढच्या भागात : इंजिन ऑइल. डिझेल गाडीत ते लवकर काळे पडते.
२) दाट, मधासारखा, गंधकाचा उग्र वास : गिअर ऑइल. गिअर बॉक्स किंवा डिफरन्शियल पाहावे.
३) हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखा, बोटाला किंचित बुळबुळीत : रेडिएटरचे कूलंट. हे विषारी असते. मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.
४) पातळ, फिकट पिवळा, रंग खाणारा : ब्रेक ऑइल. ते कमी होत असेल तर गाडी बाजारात नेऊ नये, आहे तेथेच मिस्त्री बोलवावा.
५) स्वच्छ पाणी, एसी लावल्यानंतर : चिंता नाही.

चाकाच्या आतली ओल मात्र दोन प्रकारची असते. दाट आणि वासाची असेल तर ॲक्सलचे सील, पातळ असेल तर ब्रेकचा व्हील सिलिंडर. दोन्हींत ब्रेक निकामी होतो.

गळती शोधण्यापूर्वी गाडीचा खालचा भाग धुऊन घ्यावा. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे नेतो आणि ते खाली ओघळते. म्हणून सर्वांत जास्त ओले दिसते तेथे दोष नसतो. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जेथे ओल आहे, तेथे तो असतो.

आवाज ऐका

आवाज केव्हा येतो आणि केव्हा जातो, हेच निदान आहे.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग. क्लच सोडल्यावर येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर गिअर बॉक्सचे पुढचे बेअरिंग.

चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, तर क्लच सरकतो आहे. रिव्हर्स गिअर करकरत पडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबलची ढिलाई तपासावी, प्लेट नंतर.

निघताना किंवा रिव्हर्स घेताना "टक्" असा ठोका बसत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. चाकांना दगड लावून, इंजिन बंद व गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने उलटसुलट पिळावा. क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर लगेच समजते. पाय दाबल्यावर आवाज वाढतो आणि सोडल्यावर बदलतो, तर डिफरन्शियल. वळणावर कमी-जास्त होणारी गुणगुण बहुधा चाकाच्या बेअरिंगची.

मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या गाडीत पुढची चाके ओढतात, म्हणून तेथे प्रोपेलर शाफ्ट नाही. पूर्ण वळण घेताना "टकटक" आली आणि चाकाच्या आत ग्रीस उडालेले दिसले, तर ॲक्सलचे रबरी बूट फाटले असे समजावे. बूट वेळीच बदलले तर खर्च थोडा. धूळ आत गेली की सांधाच जातो.

तेल बदलताना

भरण्याचा प्लग आधी उघडावा, सोडण्याचा नंतर. वरचा उघडलाच नाही आणि खालून तेल सोडून बसलो तर गाडी जागची हलणार नाही. तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत हवे. लोहचुंबक असलेल्या प्लगवर बारीक राखाडी लगदा चालतो. पत्र्याचे किंवा दातांचे तुकडे निघाले तर खोलणे भाग आहे. तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड हवाच. गरम रेडिएटरचे झाकणही उघडू नये.

हे सर्व वाचून कोणी मिस्त्री होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. पण "गाडी आवाज करते" असे सांगण्याऐवजी "न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की आवाज येतो, दाबला की जातो" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची अर्धी गाडी विनाकारण खोलली जात नाही. गॅरेज चालवणाऱ्या आपल्या भावांनाही आमची विनंती आहे : सील दुसऱ्यांदा गळले तर तिसरे टाकण्याआधी ते का गळले, हे पाहा. सुटा भाग विकून एकदाच कमाई होते. खरे कारण सांगणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि सोबत आणखी दोघांना आणते.