घरातले सेल, बॅटऱ्या आणि ड्रिल मशीन : मुलं असलेल्या घरासाठी थोडी माहिती



वर्गात विजेचे धोके शिकवताना आपण ओल्या हाताने बटण दाबू नका, प्लगच्या भोकात तार घालू नका, तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नका हे सगळं सांगतो. सेलची पाळी आली की मात्र "याने काही होत नाही, हात लावून बघा" असं म्हणून मोकळे होतो. शॉकपुरतं ते बरोबरही आहे. दीड व्होल्टच्या सेलचा कोरड्या हाताला झटका लागत नाही. पण सेलमुळे होणारी इजा झटक्याने होत नाहीच. ती रसायनाने आणि उष्णतेने होते. घरात सगळ्यात लहान जो सेल असतो, तोच लहान मुलांसाठी सगळ्यात घातक असतो. म्हणून आधी त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं नंतर.

चपटा सेल

शर्टाच्या बटणासारखा किंवा नाण्यासारखा दिसणारा चकचकीत सेल सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाडीच्या रिमोट किल्लीत, वजनकाट्यात, थर्मामीटरमध्ये, गाणं म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रात, चालताना चमकणाऱ्या बुटात, लाइटच्या राखीत, दिवाळीतल्या सेलवरच्या पणतीत तो असतो. त्यातला सर्रास मिळणारा प्रकार म्हणजे 'सीआर २०३२'. या आकड्यांचा अर्थ मुलांना सांगण्यासारखा आहे : २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हा लिथियमचा सेल असतो आणि एकटाच ३ व्होल्ट देतो, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दुप्पट.

लहान मूल वस्तू तोंडात घालतं, हे पालकांना सांगायला नको. २० मिलिमीटरचा सेल गिळला तर तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो. इथे बहुतेकांचा समज असा असतो की सेल फुटतो आणि आतलं विष बाहेर येतं. खरं कारण वेगळं आहे. सेल न फुटताही इजा करतो. अन्ननलिकेची भिंत ओली असते. तिला सेलच्या दोन्ही बाजू टेकल्या की मंडल पूर्ण होतं आणि प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहामुळे ऋण बाजूपाशी ओलाव्यातून तीव्र अल्कली तयार होते, आणि ती अल्कली आतली त्वचा जाळत जाते. गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात.

आणि हो, "तो तर संपलेला सेल होता" यात काही दिलासा नाही. वजनकाटा बंद पडला म्हणजे सेलमध्ये काट्यापुरती ताकद उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मांस जाळण्यापुरती ताकद त्यात शिल्लक असू शकते.

हे शिक्षकांना वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. आपल्याकडे हळद आणि चुना मिळून कुंकवाचा लाल रंग होतो हे मुलांना ठाऊक असतं. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो हेही त्यांनी पाहिलेलं असतं. अल्कली लागली की हळद लाल होते. आता बटाट्याची जाड चकती कापा, तिच्यावर मिठाचं थोडं पाणी आणि हळद चोळा. नवा 'सीआर २०३२' घ्या. ज्या बाजूला अधिकची खूण कोरलेली असते ती धन बाजू. ती वर ठेवून सेल चकतीवर हलकासा दाबून ठेवा, म्हणजे खालच्या ऋण बाजूबरोबर सेलची कडही ओल्या बटाट्याला टेकेल. पंधरा-वीस मिनिटांनी सेल उचला. खाली पिवळ्याच्या जागी लालसर तपकिरी डाग पडलेला दिसतो. मुलांना फार व्याख्यान द्यावं लागत नाही. मात्र प्रयोग शिक्षकानेच करायचा, सेल चिमट्याने उचलायचा, आणि तास संपताना सेल मोजून खिशात ठेवायचा. चकती लगेच टाकून द्या, कारण वर्गात कोणीतरी ती खाऊन बघणारा निघतोच!

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठा दवाखाना गाठायचा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. पहिलं वाक्य "सेल गिळला असेल, एक्स-रे काढा" हेच असावं. कारण लक्षणं फसवी असतात : लाळ गळते, मूल खायला नको म्हणतं, खोकतं, आणि सर्दी-खोकला समजून औषध दिलं जातं. काही मुलांना सुरुवातीला काहीच होत नाही. एक्स-रेमध्ये नाणं आणि सेल दोन्ही गोल दिसतात, पण सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. सेल अन्ननलिकेत असेल तर दुर्बिणीने काढावा लागतो, म्हणून ती सोय जिथे आहे तिथेच जाणं बरं. उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही. केळं, भाताचा गोळा, पाणी यातलं काही द्यायचं नाही. अपवाद एकच, मधाचा. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरची सूचना अशी आहे की मूल एक वर्षाहून मोठं असेल, सेल गिळून बारा तास झालेले नसतील आणि मुलाला गिळता येत असेल, तर दवाखान्यात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजेचा वेग कमी होतो, सेल काही निघत नाही. त्यामुळे मध शोधत घरात थांबायचं नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही.

नाकात किंवा कानात घातलेला सेलही तसाच जाळतो. तिथे थेंब टाकायचे नाहीत, कारण ओलाव्याने प्रवाह वाढतो.

खेळणं घेताना एक गोष्ट बघत जा : सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का? जत्रेतल्या, रस्त्यावरच्या चमकत्या खेळण्यांना तो बहुधा नसतो, नखाने झाकण निघतं. अशा खेळण्याला मी वर्गात परवानगी देत नाही. मुलं रुसतात, रुसू देत. अमेरिकेत २०२२ साली यासाठी कायदाच झाला, की अशा सेलची झाकणं मुलांना सहज उघडता येता कामा नयेत. आपल्या घरी चिकटपट्टीचे दोन वेढे देऊनही बरंच काम होतं.

पेन्सिल सेल आणि पांढरी बुरशी

घड्याळातले, रिमोटमधले सेल त्या मानाने गरीब. त्यांचा मुख्य त्रास म्हणजे गळणं. साध्या स्वस्त सेलचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं आणि वीज तयार होताना तेच झिजत जातं. म्हणून पूर्ण संपलेला सेल रिमोटमध्ये महिनोन्‌महिने राहिला की पाझरतो. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर येऊन हवा लागली की पांढरी भुकटी जमते. तिला आपण बुरशी म्हणतो, पण ती बुरशी नव्हे. उघड्या हाताने खरवडू नका आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावू नका. सेल काढून कापसाच्या काडीवर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या आणि नंतर कोरड्या कापडाने पुसा. पट्टीचा गंज फारच असेल तर बारीक सँडपेपर.

जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही हे सगळे म्हणतात, कारण कोणी सांगत नाही. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. जुना सेल आधी रिकामा होतो, तरी नवा सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. मग जुन्याच्या आत उलट्या क्रिया होऊन वायू साठतो आणि तो गळतो. नव्याची किंमतही वाया जाते. बैलजोडीत एक थकलेला आणि एक ताजा जुंपल्यासारखं आहे हे.

सेल दाताने चावणं, दगडाने ठोकणं, तापवणं याबद्दल काय बोलावं! गावाकडे मुलं सेल फोडून आतली काळी कांडी काढतात आणि पाटीवर, भिंतीवर लिहितात. कांडी कार्बनची, ती निरुपद्रवी आहे. तिच्याभोवतीची काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची आणि क्षारांची असते. ती हाताला, तोंडाला लागू नये. कांडीच पाहिजे तर शिक्षकाने हातमोजे घालून एकदा फोडून दाखवावी, म्हणजे उत्सुकता भागते.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. ती ड्रॉवरमध्ये किल्ल्या, नाणी किंवा लोखंडी तारेच्या बारीक घासणीला टेकली तर जाळ होऊ शकतो. ठेवताना टोकांवर चिकटपट्टी लावा.

ड्रिल मशीन आणि फवारणी पंप

आता घरोघरी ड्रिल मशीन आलं आहे. बिनवायरच्या ड्रिलची बॅटरी लिथियम-आयनची असते. एकेक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, असे पाच जोडले की १८ व्होल्ट. काही डब्यांवर २० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते पूर्ण चार्ज असतानाचं. यंत्र बहुधा तेच!

या बॅटरीला उन्हाळा सोसत नाही. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवू नका. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी अर्धा तास सावलीत ठेवायची. महिनाभर लागणार नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. चार्जर त्याच मशीनचा हवा. गादीवर, उशीखाली, रात्रभर चार्जिंग नको. फुगलेली, पडून चेपलेली, गोडसर उग्र वास येणारी बॅटरी तिथेच थांबवायची. तिला टोचून हवा काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आतले थर एकमेकांना टेकले की पेट घेते. शिक्षकांना खास सांगतो : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं जुन्या मोबाइलच्या बॅटरीला तारा डकवून आणतात. तो प्रकल्प कितीही छान असला तरी पेन्सिल सेलवर करून आणायला सांगा.

शेतकऱ्यांच्या घरातला बॅटरीचा फवारणी पंप मात्र वेगळ्या जातीचा. त्यात बहुतेक वेळा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते आणि तिचा नियम नेमका उलटा. ती रिकामी किंवा अर्धी ठेवली की शिशाच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कडक खडे धरतात आणि पुढच्या हंगामात पंप दहा मिनिटांत थांबतो. हंगाम संपल्यावर पंप स्वच्छ धुऊन, बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. लेबलवर लिथियम लिहिलं असेल तर ड्रिलचा नियम लावा. चार्जिंग स्वयंपाकघरात नको, पंपाला औषध लागलेलं असतं.

ड्रिलची देखभाल फारशी अवघड नाही, पण ती करायची आधी बॅटरी काढून किंवा प्लग ओढूनच. बिट बदलतानाही तेच. बिनवायरच्या ड्रिलला उलट-सुलट फिरवण्याची जी कळ असते ती मधोमध ठेवली की ट्रिगर बहुधा अडतो. मुलं आसपास असतील तर मशीन खाली ठेवताना ही सवय लावून घ्या. भिंतीची भुकटी हवेच्या फटींत बसते आणि मोटर तापते, म्हणून काम झाल्यावर कोरड्या ब्रशने फटी साफ करा. तोंडाने फुंकर मारली की ती डोळ्यात जाते. वायरच्या ड्रिलमध्ये दोन कार्बन ब्रश असतात. फटीतून थोड्या ठिणग्या दिसणं नेहमीचं, पण ठिणग्या वाढल्या, मशीन अडखळू लागलं, तर ब्रश आखूड झालेले असतात. ते स्वस्त मिळतात, दोन्ही एकदम बदलायचे. वायरला चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, वायर बदला. दोन पिनांचा प्लग पाहून घाबरायचं कारण नाही. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंग लागत नाही.

ग्राइंडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : मुलं असलेल्या घरात तो विकत न घेता कारागिराला बोलवावं. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते. घेतलाच तर गार्ड काढायचा नाही, चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा आणि मुदत वाचायची, लाकूड कापायचं दातेरी पातं त्याला लावायचं नाही. कोणतंही फिरतं यंत्र चालवताना ओढणी, पदर, सैल बाह्या आणि कापडी हातमोजेही नकोत, ते गुंडाळले जातात. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

संपलेले सेल

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ साली आले. बॅटरी तयार करणाऱ्यांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्यांत घातली आहे. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच की ती रोजच्या कचऱ्यात टाकू नये. चुलीत, शेकोटीत, होळीत तर नाहीच. बंद सेल आगीत फुटतो. चपट्या आणि लिथियम सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, उंच फळीवर ठेवा आणि ई-कचरा घेणारे येतील तेव्हा द्या. पंपाची, इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतात आणि किंमत कमी करतात. ती घेऊन मोठ्या माणसानेच जावं. आत आम्ल असतं, आणि सायकलच्या कॅरिअरवर ती आडवी बांधून पोराला पाठवलेलं मी बाजाराच्या दिवशी पाहिलं आहे.