पाहुणा हात उचलतो तेव्हा

मनोरंजन उद्यानातली मारामारी अनेकदा रांगेत घुसण्यावरून पेटते. कर्मचाऱ्याने दोन हात अंतर राखावे, आवाज खालच्या पट्टीत ठेवावा, आसपासची मुले बाजूला न्यावीत आणि पाळण्याची पुढची फेरी रोखावी. एकट्याने मध्ये पडणे धोक्याचेच.

गणवेश असला तरी खासगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, घोषित गुन्हेगार सोडल्यास, सामान्य व्यक्ती फक्त डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यालाच पकडू शकते. त्याला विनाविलंब, फार तर ६ तासांत, पोलिसांकडे सोपवावे लागते. साधी दुखापत यात बसत नाही. म्हणून थप्पड मारणाऱ्याला खोलीत कोंडणारा रक्षक स्वतःच आरोपी ठरू शकतो. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच.

इंदूरच्या सुदामा नगरातून सुट्टीला उद्यानात गेलेल्या कुटुंबासमोर असा प्रसंग आला, तर चित्रीकरणात वेळ न घालवता ११२ वर फोन करावा. उद्यानाने सीसीटीव्हीचे चित्रण जपावे, जखमीला आधी उपचार द्यावेत.

खरी उणीव प्रशिक्षणाची असते. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत नव्या रक्षकासाठी १०० तासांचे वर्गशिक्षण आणि ६० तासांचा प्रत्यक्ष सराव सांगितला होता.