बुडख्यातून शिरणारी कूज

झाड तोडलं की रोगही संपला, असं वाटणं साहजिक आहे. मुळं कुजवणाऱ्या हेटेरोबॅसिडियन बुरशीला मात्र कुऱ्हाडच दार उघडून देते. केंब्रिजचे जॉन रिशबेथ यांनी इंग्लंडमधल्या पाइनवनांत 1950 च्या सुमारास हे उलगडलं. हवेतले बीजाणू ताज्या बुडख्यावर पडतात, बुरशी मुळांत उतरते आणि मुळाला मूळ लागलं की शेजारच्या झाडात शिरते. बुडख्यात ती वर्षानुवर्षं तग धरते, म्हणून तिथेच लावलेली नवी रोपंही मरतात.

मग बुडखेच उपटावेत? उपाय खरा, पण खर्चिक. शिवाय जमीन उकरली जाते ती वेगळीच. मला रिशबेथ यांनी 1963 मध्ये मांडलेली युक्ती अधिक पटते: तोडल्याबरोबर बुडख्यावर फ्लेबिऑप्सिस ही निरुपद्रवी बुरशी लावायची. जागा आधीच अडली की शत्रूला थारा नाही. कडक थंडीत बीजाणू जवळपास नसतातच, मग खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. फिनलंडमधल्या हिवाळी तोडीपुरता तो बरोबर आहे. पण तोड उन्हाळ्यातही चालते. हां, बुरशी आधीच मुळांत मुरली असेल तर हा लेप निरुपयोगी. तिथे कमी बळी पडणारी पानझडी झाडं लावायची, नाहीतर बुडखे उपटायचे.