तिथी पाहून समुद्राकडे
तेलगावहून कुलाब्याच्या बेटावर एक दिवस

मंजरथच्या संगमावर सिंदफणा गोदावरीला मिळते आणि आपल्या भागातले पाणी पूर्वेची वाट धरते. तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून ते बंगालच्या उपसागराला जाते. माणसांच्या वाटा मात्र पश्चिमेकडच्या. शिक्षणाला पुणे, नोकरीला मुंबई, उसाच्या तोडणीला सांगली-कोल्हापूर. कोयता घेऊन गेलेली कितीतरी कुटुंबे सह्याद्रीच्या पायथ्याशी हंगामच्या हंगाम काढतात. घाट उतरला की पलीकडे समुद्र असतो, पण तो पाहायचा राहून जातो. तेलगाव, धारूर, वडवणी, माजलगाव या पट्ट्यात आयुष्यात एकदाही समुद्र न पाहिलेली माणसे आजही घरोघरी भेटतील. पंढरपूर, तुळजापूर, परळी झालेले असते. समुद्राला मात्र कुणी मुद्दाम नेत नाही.

न जाण्याची कारणे खरी आहेत. लांबचा पल्ला, खर्च आणि पाण्याची भीती. यातली भीती अज्ञानातून येते आणि थोडी माहिती मिळाली की ती जागच्या जागी बसते. समुद्राच्या पाण्याला वेळापत्रक आहे. ते समजले, तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना घेऊन एका दिवसात बेटावर जाऊन सुखरूप परतता येते, तेही बहुतेक वाट पायी चालत. असे बेट अलिबागला आहे. त्याचे नाव कुलाबा.

समुद्रात उभा किल्ला

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर एक-दीड किलोमीटरवर, समुद्रातल्या खडकावर काळी तटबंदी दिसते. आरमाराचे मोल ओळखणाऱ्या शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधण्याची आज्ञा दिली. १६८० च्या मार्च महिन्यात काम सुरू झाले. ३ एप्रिलला महाराजांचे निधन झाले. पुढच्या वर्षी, १६८१ मध्ये, संभाजी महाराजांनी ते पुरे करून घेतले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात कुलाबा मराठी आरमाराचे मोठे ठाणे झाले. १७२१ च्या नोव्हेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन, सहा हजारांची फौज आणि लढाऊ जहाजे घेऊन चालून आले, तरी त्यांना किल्ला घेता आला नाही. कान्होजींची समाधी अलिबाग शहरातच आहे. किल्ल्याला जाणाऱ्याने तिथेही माथा टेकावा.

किल्ला दक्षिणोत्तर सुमारे २६७ मीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०९ मीटर रुंद आहे. सतरा बुरुज आहेत. म्हाताऱ्या माणसालाही दमादमाने फिरता येईल एवढाच हा पसारा. पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तटाची भिंत. जवळ जाऊन दोन चिऱ्यांमधली फट बघा. चुना नाही. नुसते प्रचंड दगड एकावर एक रचले आहेत. लाट आदळते तेव्हा तिचे पाणी या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चुन्याने लिंपलेल्या सपाट भिंतीला जो तडाखा सगळाच्या सगळा सोसावा लागला असता, तो इथे विभागला जातो. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे ही भिंत उभी आहे.

आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. गणपती, शिव, विष्णू, सूर्य आणि देवी असे पंचायतन तिथे एकत्र पाहायला मिळते. शेजारी दगडी बांधणीचा तलाव आहे. गोड्या पाण्याची विहीर आहे. हाजी कमालउद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ओतशाळेत घडवलेल्या आहेत आणि त्यांच्यावर १८४९ हे साल आहे. मुलांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

चहूबाजूंनी खारे पाणी असताना विहिरीला गोडे पाणी कसे, हा प्रश्न आपल्याकडची बायामाणसे हमखास विचारतात, कारण पाण्याचे मोल त्यांना ठाऊक आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून आत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. विहीर बेताची खोल ठेवली आणि उपसा बेताचा केला, तर गोडे पाणी मिळत राहते. हाव करून खोल खणले किंवा वाजवीपेक्षा जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. समुद्रातले किल्ले बांधणाऱ्यांनी हे ओळखले होते. मालवणच्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, त्या याच शहाणपणातून आलेल्या. बोअरवर बोअर मारणाऱ्या आपल्या मुलखाने हे आवर्जून पाहावे.

पंचांगातले वेळापत्रक

कुलाब्याला जायची वाट दिवसातून दोनदा समुद्राखाली जाते आणि दोनदा उघडी पडते. चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी फुगते, ती भरती. ते उतरते, ती ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा यावर एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरतीच्या आधी आणि नंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना लागू पडतो. तेलगावच्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असतेच. समुद्राचे घड्याळ आपल्या घरात आधीपासून टांगलेले आहे, ते वाचायचे तेवढे राहिले.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी खूप चढते आणि खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून चढ-उतार थोडा. याला भांग म्हणतात. अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी येते, वेळ सोयीची वाटते, पण पाणी पुरते उतरत नाही. ऐन अमावास्येला पाणी भरपूर उतरते, पण पहाटे आणि संध्याकाळी. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस मधले. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वासात ते पावणेनऊच्या दरम्यान येते. कुटुंबाला घेऊन जायला यापेक्षा चांगली वेळ नाही. संकष्टीला गणपतीच्या दर्शनाला जाऊ पाहणाऱ्यांची तिथीही यातच बसते.

दिवाळीचा हिशेब मांडून बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. म्हणजे भाऊबीज झाली की पुढचे दोन दिवस ओहोटी सकाळच्या उन्हात मिळते. पाऊस संपलेला असतो, शाळेला सुट्टी असते, माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि तेलगावच्या सुंदररावजी सोळंके कारखान्यासह सगळीकडचे गाळप तोंडावर असते. एकदा हंगाम सुरू झाला की घरातल्या कुणालाच उसंत मिळत नाही.

हा हिशेब दिवस ठरवण्यापुरता. एका दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या उतरत नाहीत. म्हणून नक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारावी. शेवटचा शब्द त्यांचा.

जाणे आणि परतणे

तेलगावहून वडवणी, बीड, अहिल्यानगर, पुणे, खोपोली, पेण, वडखळ आणि अलिबाग अशी वाट आहे. अंतर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. रात्री आठ-नऊच्या सुमारास निघाले की उजाडताना किनारा गाठता येतो. गाडी भाड्याची असो वा घरची, दोन चालक घ्या. जाताना जागलेला माणूस येताना स्टेअरिंगवर नको. पुण्यात किंवा मुंबईत नातलग असतील, आणि बीड जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचे असतातच, तर आदल्या रात्री तिथे मुक्काम करणे सर्वांत चांगले. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला लाँच सुटते. तिथून अलिबाग जवळ आहे. पावसाळ्यात लाँच बंद असतात.

शिदोरीत धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. हे दोन दिवस टिकते. प्यायचे पाणी भरपूर घ्यावे. किल्ल्यावर सावली थोडी, म्हणून टोपी-रुमाल हवा. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मागून बंद असलेली, भिजली तरी चालतील अशी पादत्राणे. वाटेवरच्या खडकांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार पात्याला हार जाणार नाही. अनवाणी पाऊल पडले की कापलेच.

ओहोटीच्या तासभर आधी निघावे. पाणी पुरते उतरल्यावर तास होण्याच्या आत किल्ल्यावरून परत फिरावे. वाटेत पाणी असेल, तर घोडागाडी करावी. आमच्या आत्या पहिल्यांदा आल्या तेव्हा किनाऱ्यावरच थांबल्या आणि घोडागाडीवाल्याला विचारू लागल्या, “मधी पानी किती हाये, भाऊ? बैलाच्या गुडघ्याला लागंल का पोटाला?” त्याने ते किती आहे, कधी उतरेल आणि कधी पुन्हा चढेल, सगळे नीट सांगितले. मगच त्या गाडीत बसल्या. आपल्याकडे ओढ्याला पूर आला की काठावर थांबून पाणी उतरायची वाट बघतात. तोच धीर इथे लागतो. फरक एवढाच की ओढा कधी उतरेल ते सांगता येत नाही आणि समुद्राचे आधी सांगता येते.

वाटेवर मुलांना घाई करू नका. ओल्या, काळसर वाळूत बोराच्या बियांपेक्षाही लहान गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसेल. मध्ये एक बारीक बीळ असते. निश्चल बसून राहिले की नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातले अन्न खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. पाऊल वाजले की क्षणात आत. खडकांच्या डबक्यांत शंख चालताना दिसतो. आत दुसऱ्याच्या शंखात घर केलेला खेकडा असतो. पाहावे आणि जागच्या जागी सोडावे.

जिथे माघार घ्यायची

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. भरउन्हाळ्यात विहिरीत सूर मारणारी आपली मुले स्वतःला पोहणारी समजतात. पण विहिरीचे पाणी ओढत नाही आणि समुद्राचे ओढते. ओहोटी लागली की किनाऱ्यालगतचे पाणीही आत खेचते. म्हणून गुडघ्यापलीकडे पाण्यात जायचे नाही, लहानांचा हात सोडायचा नाही, तटावर चढून लाटांकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत आणि स्थानिकांनी नको म्हटले की वाद घालायचा नाही. पावसाळ्यात तर हा बेतच करू नये.

कुलाबा पाहून झाल्यावर पुढच्या खेपेला मालवण आहे. तिथल्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला. होडीने जावे लागते. आत राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर आहे आणि तटाबाहेर राणीची वेळा नावाची छोटी पुळण आहे. तेलगावहून तो दोन-तीन दिवसांचा बेत होतो. पहिल्या भेटीला कुलाबाच बरा.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. बीड जिल्ह्यातली मुले तो पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात आणि समुद्र न पाहता शाळा सोडतात. आपल्या शाळांच्या सहली देवस्थानांना जातात, आता पाण्याच्या खेळांच्या बागांनाही जातात. त्यांतली एक सहल तृतीयेला अलिबागला जावी. शिक्षकांनी निघण्याआधी फळ्यावर पाऊणपटीचा हिशेब मांडावा आणि मुलांनी किनाऱ्यावर उभे राहून तो घड्याळाशी ताडून पाहावा. ज्या घरांत ऊसतोडीला जायचे असते, त्या घरांतल्या मुलांची नावे या यादीत सर्वांत वर असावीत.